चाकं टेकण्याआधीची दोन मिनिटं

जुनं सेसना १७२ विकत घ्यायला गेलेला जाणकार माणूस आधी रंग बघत नाही. तो इंजिनावरचं झाकण काढायला लावतो, टॉर्च मागतो आणि इंजिन व केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत, म्हणजे फायरवॉल, खालपासून वरपर्यंत नीट पाहतो. पत्र्याला कुठे सुरकुत्या पडल्या असतील, रिव्हेटांच्या रांगेत कुठे पोक आलं असेल, तर ते विमान कधीतरी नाकावर आपटलेलं आहे हे त्याला कळतं. लॉगबुकात तशी नोंद असो वा नसो. पुढच्या चाकाचा दांडा याच भिंतीला धरून बसवलेला असतो. मागची दोन मुख्य चाकं पोलादी पायांवर असतात, धक्का पचवण्यासाठीच ती घडवलेली असतात. पुढचं चाक जमिनीवर वळण्यासाठी आहे, विमान त्याच्यावर टेकवण्यासाठी नाही. पण जगभरच्या फ्लाइंग क्लबांत रोज कुणी ना कुणी ते त्याच्यावरच टेकवत असतं.

छोट्या खासगी विमानांच्या अपघातांत उतरतानाचे अपघात संख्येनं सर्वांत जास्त असतात. अमेरिकेतली एओपीए ही वैमानिकांची संघटना दरवर्षी अपघातांचा जो आढावा घेते, त्यात वर्षानुवर्षं हेच चित्र दिसतं. त्याच आढाव्यात दुसरी गोष्टही दिसते: या अपघातांत माणसं क्वचित दगावतात. प्रोपेलर वाकतो, पंखाचं टोक घासतं, विम्याचा दावा होतो आणि वैमानिक स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येतो. त्यामुळे क्लबात हा विषय हसण्यावारी जातो. 'चालत बाहेर आलास ना, मग लँडिंग चांगलंच झालं' हा विनोद प्रत्येक क्लबात ऐकू येतो. तो मला आवडत नाही. वेगावर लक्ष नसणं आणि बिघडलेला उतार सोडून न देणं, या दोन खोडी जमिनीपासून तीन फुटांवर असताना पत्रा वाकवतात, आणि त्याच खोडी पाचशे फुटांवर जीव घेतात.

गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव, नागपूर इथे जे शिकताहेत, नोकरीनिमित्त टेक्सास-कॅलिफोर्नियात जाऊन जे शनिवारी क्लबाचं विमान भाड्यानं घेताहेत, त्यांना समोर धरून हे लिहितो आहे. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या घरच्यांसाठी चार गोष्टी शेवटी आहेत. आकडे सेसना १७२-एसचे देतो, कारण ते विमान बहुतेकांच्या हाताखालून जातं. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याची पुस्तिका उघडा आणि तिथले आकडे पाठ करा. पुस्तिका आणि हा लेख यांत फरक दिसला तर पुस्तिका खरी.

पाच नॉट वाऱ्यासाठी, पाच पोराबाळांसाठी

फायनलवर वेग किती ठेवायचा याचा जुना हिशेब सोपा आहे. उतरायच्या अवस्थेत विमान ज्या वेगाला स्टॉल होतं, त्याच्या १.३ पट. १७२-एसमध्ये पूर्ण फ्लॅप सोडून आखूड पट्टीवर उतरताना पुस्तिका ६१ नॉट सांगते. एरवी ६० ते ७०. विमान हलकं असेल, म्हणजे एकटेच असाल आणि टाक्या अर्ध्या असतील, तर स्टॉलचा वेग आणखी खाली येतो आणि ६१ देखील भरपूर ठरतात.

पण माणूस भितो. भीतीपोटी तो पाच नॉट वाऱ्यासाठी वाढवतो, पाच सवय नाही म्हणून आणि पाच घरी पोरंबाळं वाट बघताहेत म्हणून. ६१ चे नुसते ७१ झाले तरी विमानातली ऊर्जा सोळा-सतरा टक्क्यांनी वाढत नाही, ती पस्तीस टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. ही जास्तीची ऊर्जा कुठेतरी खर्ची पडायला हवी. हवेत पडली तर विमान पट्टीवरून तरंगत पुढे जातं, खाली बसायचं नावच घेत नाही. अर्धी पट्टी मागे पडली की वैमानिकाचा धीर सुटतो आणि तो योक पुढे ढकलून विमानाला जबरदस्तीनं खाली बसवतो. आधी पुढचं चाक टेकतं. फायरवॉलवरच्या सुरकुत्यांचा जन्म बहुतेकदा असा होतो.

वारा झोडपत असेल तेव्हा वेग वाढवायचाच असतो, पण हिशेबानं. वारा १२ आणि झोत २० नॉटांचे असतील, तर फरक आठ, त्याच्या निम्मे म्हणजे चार नॉट वाढवा. पुढे नाही.

उलट्या बाजूची चूक संख्येनं कमी, पण परिणामानं भयंकर. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा कॅचर थर्मन मन्सन हंगाम चालू असताना मधूनमधून ओहायोतल्या घरी जाता यावं म्हणून विमान चालवायला शिकला होता. पुढे त्यानं सेसना सायटेशन हे छोटं जेट घेतलं. २ ऑगस्ट १९७९ रोजी अ‍ॅक्रन-कँटन विमानतळावर तो त्यात टच-अँड-गोचा सराव करत होता. उतरताना वेग घटत गेला, तो वेळेत सावरला गेला नाही आणि विमान पट्टीच्या अलीकडेच जमिनीला भिडलं. सोबतचे दोघं वाचले, मन्सन गेला. हात उत्तम चालणारा, शरीरावर असामान्य ताबा असलेला खेळाडू होता तो. वेगाच्या काट्याकडे बघायला शरीराचा ताबा कामाला येत नाही. त्यासाठी डोळ्यांना सवयच लावावी लागते. फायनलवर नजर सतत फिरत राहायला हवी: टेकायचा बिंदू, वेग, टेकायचा बिंदू, वेग. बाकी काही नाही.

बेसवरून फायनलकडे वळताना

आता जिथे जीव जातो त्या वळणाबद्दल. समजा बेसवर असताना मागून वारा आहे. जमिनीवरून पाहिलं तर तुम्ही नेहमीपेक्षा जोरात सरकताय, पण ते लक्षात येत नाही. वळायला सुरुवात करता तेव्हा उशीर झालेला असतो. पट्टीची रेघ नाकासमोरून सरकून पलीकडे जाते. उंची साडेचारशे-पाचशे फूट. आता मनात दोन गोष्टी एकदम येतात. वळण आवळायला हवं ही एक, आणि इतक्या खाली पंख फार झुकवायला नको ही दुसरी. दोन्हींवर तोड म्हणून पाय आपोआप आतल्या बाजूचा रडर दाबतो. नाक वळतं खरं, पण विमान घसरत वळतं. रडरनं बाहेरचा पंख वर येऊ लागतो, म्हणून हात योक उलट फिरवतो. रडरनं नाक खाली जाऊ लागतं, म्हणून तोच हात योक मागे ओढतो. यातली एकही हालचाल वैमानिक ठरवून करत नाही, सगळं हातापायांचं आपसूक चालतं. आणि या अवस्थेत स्टॉल झाला तर आतला पंख आधी पडतो, विमान त्याच्यावरून उलटतं आणि गिरकी घ्यायला लागतं. ती सावरायला जितकी उंची लागते तितकी खाली उरलेली नसते.

आकडे बघा. फ्लॅपशिवाय १७२-एस ४८ नॉटांना स्टॉल होतं. उंची टिकवून ४५ अंश झुकून वळलात तर हाच आकडा ५७ वर जातो, ६० अंशांना ६८ वर. बेसवर तुमचा काटा ७० दाखवत असेल, तर साठ अंशांच्या वळणात हाताशी दोन नॉट उरले.

सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या काठाला एक छोटं भोक असतं. स्टॉल जवळ आला की त्यातून हवा उलटी खेचली जाते आणि पिपाणीसारखा एक रडका आवाज येतो. चाकं टेकायच्या क्षणी तो ऐकू आला तर छान, विमान उडणं संपवून बसतं आहे. वळणात ऐकू आला तर योक ताबडतोब सैल सोडा, पंख सरळ करा, थ्रॉटल आत ढकला. पट्टी चुकली तर चुकू दे.

सर्किटमध्ये झुकाव ३० अंशांच्या पुढे नेणार नाही असं जमिनीवर असतानाच ठरवून टाका. तेवढ्यात वळण बसत नसेल तर पट्टीची रेघ ओलांडून जा, आणि दुसरा फेरा मारा. शिकवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. हे वळण तीन-साडेतीन हजार फुटांवर नेऊन, विद्यार्थ्याला मुद्दाम घसरतं वळण घ्यायला लावून, पंख कसा अचानक पडतो ते दाखवावं. कागदावर शिकलेली भीती खऱ्या वेळी आठवत नाही.

उसळी

विमान टेकतं आणि पुन्हा हवेत उडतं. लहान उसळी असेल तर काही बिघडत नाही: नाक जिथे आहे तिथेच धरा, थोडी पॉवर द्या, ते पुन्हा बसेल. घोटाळा सुरू होतो तो उसळी घेतलेल्या विमानाचं नाक खाली ढकलल्यावर. मग पुढचं चाक आधी आदळतं, नाक जोरात वर फेकलं जातं, वैमानिक पुन्हा ढकलतो. पण त्याचा हात विमानाच्या हालचालीच्या अर्धा सेकंद मागे असतो, म्हणून प्रत्येक ढकलणं नेमकं चुकीच्या क्षणी पडतं. तळ्यात चपट्या दगडाच्या भाकऱ्या मारताना प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा बुटकी होत जाते. इथे उलट, प्रत्येक उडी वाढत जाते. तिसऱ्या आदळीपर्यंत पुढचं चाक किंवा प्रोपेलर जातो असा जुन्या इन्स्ट्रक्टरांचा अंदाज आहे, आणि तो बराचसा बरोबर निघतो. मोठी उसळी बसली, किंवा एकामागून दुसरी आली, की पूर्ण पॉवर द्या आणि निघा.

उसळीचं मूळ पुष्कळदा डोळ्यांत असतं. फ्लेअर करताना नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळली, की जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटते आणि हात दचकून ओढतो. विमान फुग्यासारखं वर जातं. नजर पट्टीच्या पलीकडच्या टोकाकडे न्या. तिथून क्षितिज आणि पट्टीच्या दोन्ही कडा एकत्र दिसतात, आणि आपण किती खाली आलो ते कडांच्या रुंदावण्यावरून समजतं. मग विमानाला खाली बसू देऊ नका. ओढत राहा, ओढत राहा, शेवटी ते स्वतःच बसेल.

वारा आणि ऊन

आडव्या वाऱ्याचा हिशेब कागद-पेन्सिलशिवाय जमला पाहिजे. वारा पट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो, ४५ ला पाऊण धरा, ६० च्या पुढे सगळाच. पट्टी २७ आणि वारा ३१० वरून १६ नॉट, म्हणजे आडवा वारा दहाच्या थोडा वर. १७२-एसच्या पुस्तिकेत १५ नॉट आडवा वारा दाखवला आहे, छोट्या १५२ मध्ये १२. हे आकडे म्हणजे कंपनीच्या वैमानिकानं चाचणीत करून दाखवलेला वारा. तो तुमचा आकडा नव्हे. तुमचा आकडा म्हणजे अलीकडे, इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना, तुम्हाला घाम न फुटता जो जमला तो. तो सहा असेल तर सहा. लिहून ठेवा आणि लाजू नका.

तंत्रात शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. वाऱ्याकडचा पंख झुकवून, विरुद्ध रडरनं नाक सरळ धरून, वाऱ्याकडचं चाक आधी टेकवलंत, छान. आता चाकं जमिनीवर आहेत म्हणून योक मधोमध सोडून देऊ नका. वेग कमी होतो तसा एलरॉनचा जोर घटतो, म्हणून योक वाऱ्याच्या बाजूला फिरवत फिरवत शेवटी पूर्ण टोकाला न्यायचा असतो. पट्टीबाहेर गवतात गेलेली कितीतरी विमानं उत्तम टेकलेली असतात. ती टेकल्यानंतर बाहेर गेली, कारण वैमानिकानं मनातल्या मनात उड्डाण संपवलं होतं.

मागून येणारा वारा आडव्यापेक्षा फसवा. सेसनाच्या पुस्तिकेप्रमाणे मागचा वारा दर दोन नॉटांमागे उतरायचं अंतर दहा टक्क्यांनी वाढवतो. समोरचा वारा मात्र तेवढंच अंतर कमी करायला नऊ नॉट घेतो. निसर्गानं हा सौदा आपल्या बाजूनं केलेला नाही. टॉवर नसलेल्या धावपट्टीवर म्हणूनच आधी वरून एक फेरी मारून विंडसॉक बघायचा. 'मघाशी गेलो तेव्हा २७ वापरात होती' हे कारण पुरत नाही. कोकणातून घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा दुपारनंतर देशावर जागा होतो तेव्हा तासाभरात सगळं फिरतं.

ऊन ही आपल्याकडची खास गोष्ट आहे, परदेशी पुस्तकांतून शिकलेल्यांच्या ती अंगी मुरलेली नसते. नागपूरची उंची हजार फूट. मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ वर असताना तिथली हवा विरळपणात चार-साडेचार हजार फुटांवरच्या हवेसारखी वागते. काटा ६१ दाखवतो, पण विमान जमिनीवरून खरं त्याहून जोरात धावत असतं आणि थांबायला जास्त पट्टी घेतं. यावर काट्यावरचा वेग वाढवणं हा उपाय नव्हे, काट्यावर तेच ६१ ठेवायचे. फक्त लांब पट्टी हिशेबात धरायची. आणि गो-अराउंड करावा लागला तर विमान आळसल्यासारखं चढेल हे आधीच माहीत असू द्या. तापलेल्या डांबरावरून वर उठणारी हवा फायनलच्या अखेरीस विमानाला तरंगवते, तर शेजारच्या हिरव्या शेतावर आलात की खाली ओढते. शिकाऊंना उन्हाळ्यात सकाळी लवकर उडवतात ते उगीच नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. १९३२ मध्ये जेआरडी टाटांनी ज्या जुहूच्या पट्टीवर टपाल उतरवलं, ती पावसाळ्यात चिखलात जायची, म्हणून त्या महिन्यांत टाटांची टपालविमानं पुण्यात येरवड्याला उतरत. चिखलाशी भांडत बसण्यापेक्षा दुसरी जागा शोधावी, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. कोरड्या गवताच्या पट्टीवरसुद्धा १७२-एसची जमिनीवरची धाव ४५ टक्क्यांनी वाढवून धरायला पुस्तिका सांगते. ओल्या गवतावर ब्रेक नावाला असतो.

डोळे फसवतात

रुंद पट्टीवर शिकलेला माणूस अरुंद पट्टीवर उतरायला गेला की त्याला आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि तो खाली खाली जात राहतो. पट्टी पुढे चढत गेलेली असेल तरी हाच भास. उलट, अरुंद पट्टीची सवय असलेला रुंद पट्टीवर जमीन जवळ आली समजून उंचावरच फ्लेअर करतो आणि धपकन बसतो. नव्या जागी जाण्याआधी पट्टीची रुंदी वाचून जावी. लांबी सगळेच वाचतात.

पट्टीच चुकणं ही हसण्यासारखी चूक वाटते, पण मोठमोठ्यांनी केलेली आहे. अभिनेता हॅरिसन फोर्ड अनुभवी वैमानिक. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या जॉन वेन विमानतळावर तो त्याचं छोटं हस्की विमान घेऊन पट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवर उतरला, तेही प्रवाशांनी भरलेल्या एका बोइंग ७३७ च्या डोक्यावरून. आपल्या मुंबईत तर १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूवर उतरलं होतं आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ नं तीच चूक केली. फायनलवर वळलात की पट्टीवरचा आकडा मोठ्यानं वाचा आणि दिशादर्शकाशी ताडून पाहा. टॅक्सीवेवर आकडा नसतो.

निघून जायचं कसं

आतापर्यंत दोन-तीन ठिकाणी 'निघा, पुन्हा फेरा मारा' असं लिहून झालं. ते लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात गो-अराउंड ही सगळ्यांत कमी सराव झालेली क्रिया असते, आणि धांदलीत केलेला गो-अराउंड स्वतःच अपघात घडवतो. म्हणून यावर जरा थांबतो.

फायनलवर पूर्ण फ्लॅप आहेत, वेग कमी आहे आणि ट्रिम नाक वर ठेवण्यासाठी फिरवलेली आहे. आता एकदम पूर्ण पॉवर दिलीत की दोन गोष्टी घडतात. नाक झपकन वर उसळतं आणि विमान डावीकडे ओढ घेतं. नवख्याला वाटतं, नाक वर जातंय म्हणजे चढतोय. चढत काहीच नाही, वेग घसरतोय. पहिल्या तीन सेकंदांत योक पुढे दाबून धरावा लागतो, चांगला जोर लावून, आणि उजवा पाय द्यावा लागतो. हा जोर किती लागतो ते एकदा हाताला कळलेलं असलं पाहिजे.

१७२-एसचा क्रम असा: थ्रॉटल पूर्ण आत. नाक क्षितिजापाशी रोखा. फ्लॅप लगेच २० अंशांवर घ्या, कारण शेवटचे दहा अंश नुसता अडथळा करतात. वेग ६० झाला, विमान खरंच चढायला लागलं हे उंचीच्या काट्यावर दिसलं, की १०. समोरचे अडथळे गेले आणि वेग ६५ च्या वर गेला की उरलेले. सगळे फ्लॅप एका झटक्यात काढलेत तर विमान बसकण मारतं. १५२ मध्ये कार्ब्युरेटर हीट आत ढकलायला विसरू नका, नाहीतर पूर्ण पॉवर मिळतच नाही. रेडिओवर बोलणं सगळ्यांत शेवटी. विमान चढायला लागेपर्यंत टॉवरला थांबू द्या; निघून जायला कुणाची परवानगी लागत नाही.

कधी निघायचं हे आकाशात ठरवायचं नसतं. माझ्या मते खासगी वैमानिकाला दोन दारं पुरतात. पहिलं ३०० फुटांवर: विमान पट्टीच्या रेघेत, वेग ठरल्यापेक्षा पाच नॉटांच्या आत, फ्लॅप सोडलेले, पंख सरळ. यातलं एकही नसेल तर निघा. दुसरं दार पट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांशाशी: तिथवर चाकं टेकली नाहीत तर निघा. पहिलं दार बहुतेक जण पाळतात. दुसऱ्याशी येऊन मन पाघळतं, 'आता टेकेलच' म्हणून. पट्टी संपल्यावर कुंपणात शिरलेली विमानं याच वाक्यावर स्वार होऊन तिथवर गेलेली असतात.

आणि सराव. दर दहा लँडिंगांत एक तरी, अगदी व्यवस्थित जमत असताना, फ्लेअरमधून मुद्दाम सोडून द्यावं. इन्स्ट्रक्टरला आधी सांगू नका. त्याचाही चेहरा बघायला मिळतो.

चाकं आत जाणारी विमानं

कमर्शियल लायसन्सच्या वाटेवर किंवा स्वतःचं विमान घेतल्यावर चाकं आत ओढणारं विमान हातात येतं. चाकं न सोडता उतरणाऱ्यांत नवखे असतात तितकेच मुरलेलेही असतात. बहुतेक वेळा मध्येच काहीतरी झालेलं असतं: टॉवरनं वेगळी सूचना दिली, समोर दुसरं विमान आलं, प्रवाशानं काही विचारलं. नेहमीच्या जागी करायची तपासणी एकदा हुकली की पुन्हा आठवत नाही. म्हणून ती एकदाच न करता तीनदा करा, डाउनविंडवर, बेसवर आणि फायनलवर, आणि प्रत्येक वेळी हिरव्या दिव्यांकडे बोट दाखवून. टेकल्यावर धावत असताना एकाही स्विचला हात लावू नका. जुन्या बोनान्झांमध्ये चाकांचा आणि फ्लॅपचा स्विच इतर विमानांच्या उलट बाजूंना असतो. फ्लॅप घ्यायला गेलेल्या हातानं चाकंच आत घेतल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत.

शेजारी बसणाऱ्यांसाठी, आणि आदळल्यावर

प्रवासी म्हणून बसणार असाल तर खांद्यावरचा पट्टा लावा, नुसता कमरेचा पुरत नाही; नाक आपटतं तेव्हा डोकं समोरच्या पॅनेलवर जातं. सीट मागे-पुढे हलवून रुळावर पक्की अडकली आहे ना ते बघा. दार आतून कसं उघडतं ते उड्डाणाआधी स्वतः उघडून पाहा. सर्किटमध्ये शिरल्यावर गप्पा बंद, फोनवरचं चित्रण बंद. मात्र पट्टीवर जनावर दिसलं, दुसरं विमान दिसलं, तर ताबडतोब सांगा. आपल्याकडच्या कुंपण नसलेल्या पट्ट्यांवर कुत्री आणि शेळ्या टॉवरला विचारून येत नाहीत. वैमानिक उतरता उतरता निघून गेला तर 'काय झालं, काय झालं' करू नका, आणि खाली आल्यावर त्यावर विनोदही नको. टाळ्या वाजवायच्याच असतील तर त्या वेळी वाजवा.

आदळलंच, तर विमान थांबल्यावर मिक्स्चर बंद, इंधनाची कळ बंद, मॅग्नेटो बंद, मास्टर स्विच बंद, आणि सगळे बाहेर, मागच्या बाजूनं, प्रोपेलरपासून लांब. विमान ढकलत हँगरला नेण्याची घाई नको. आधी कळवायचं, ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिल्याशिवाय ते हलवायचं नाही. प्रोपेलरचं टोक डांबराला नुसतं घासलं असेल तरी इंजिन तपासल्याशिवाय पुढचं उड्डाण होत नाही. आतला क्रँकशाफ्ट बाहेरून दिसत नसतो. नाकावर आपटल्याचं, थोडं जरी, लॉगबुकात आणि मेकॅनिकला सांगा. नाहीतर पुढच्या माणसाला ते टॉर्च घेऊन शोधावं लागेल.

आणि जोरात टेकूनही विमान धड राहिलं, स्वतःच्या चाकांवर परत आलं, तर रेडिओ बंद करण्याआधी १२१.५ वर जाऊन क्षणभर ऐका. जोराच्या आदळीनं शेपटीतला ईएलटी, म्हणजे आपत्कालीन संकेत देणारं यंत्र, स्वतःहून चालू होतो आणि त्या फ्रिक्वेन्सीवर सायरनसारखा आवाज येत राहतो. तेच यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहालाही हाक मारत असतं. ती हाक भारतात इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात पोहोचते, आणि तुम्ही चहा घेत बसलेले असताना तुमच्या विमानाच्या शोधाची तयारी सुरू होते. आवाज ऐकू आला तर स्विच रिसेट करा आणि टॉवरला किंवा क्लबाच्या ऑफिसला लगेच सांगा.